पेव कोरडं होतं

गाव सोडायचं ठरलं त्या सकाळी मी आधी यादी केली. सासूबाई देवघराच्या उंबऱ्यावर डोकं टेकून रडत होत्या, मुलगी त्यांच्याकडे बघून रडत होती, आणि मी गुळाच्या ढेपेवरून सोडवलेल्या कागदाच्या मागे लिहीत होते : तवा, तांब्या, घोंगड्या, तिखट, मीठ, चुना, सुईदोरा, कात्री. माझे वडील वाणी. दुकानात बसून मी अक्षरं शिकले आणि यादीची सवयही तिथलीच. कागदावर आलं की डोकं मोकळं राहतं.

"घर बुडायलंय अन् हिला सुईदोरा सुचायलाय," सासूबाई म्हणाल्या.

पुढे वऱ्हाडातल्या छावणीत त्याच सुईदोऱ्यावर मी लोकांच्या फाटक्या चोळ्या शिवून मुलीला दूध मिळवलं. सासूबाईंनी मग सुईदोऱ्याचं नाव काढलं नाही.

तो पोलीस ॲक्शनच्या आधीचा उन्हाळा. आमचं गाव चारठाण्याच्या अलीकडे, आडबाजूला. हैदराबादच्या सरकारची फूस असलेल्या बंदूकवाल्या टोळ्या गावोगाव फिरत होत्या, धान्य आणि जनावरं नेत होत्या, चावडीत माणसं बांधून मारत होत्या. उलट बाजूचे लोक हद्दीपलीकडून येऊन नाके जाळत होते. दिवसा कोण कुणाचा आहे ते कळत नसे. शेजारीण विस्तव मागायला आली तरी ती विस्तवासाठी आली की घरात कोण आहे ते बघायला आली, हा विचार आधी येई.

आमच्या घरावर तर दुहेरी संशय होता. माझे मालक हैदराबादच्या फौजेत शिपाई होते. मोठ्या लढाईच्या वेळी भरती निघाली तेव्हा घरात भांडून गेले होते. "वाण्याचं पोरगं तराजू टाकून बंदूक तोलायलंय," असं लोक तेव्हा हसून म्हणत. आता कुणी हसत नव्हतं. ज्या सरकारच्या भीतीने गाव उठत होतं, त्या सरकारचा पगार आमच्या घरात येत होता. गल्लीतल्या बायका पाण्याला जाताना मला बघून बोलणं थांबवायच्या.

निघायच्या आधी धान्य लपवायचं होतं. ते आमच्या गल्लीने चैत्रातच उरकलं होतं. आमच्या चार घरांचं मिळून एक पेव होतं : आमचं, मालकांच्या थोरल्या चुलतभावाचं म्हणजे माझ्या दिरांचं, सुताराचं आणि पिंजाऱ्याचं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढं, आत मात्र रांजणासारखी फुगत गेलेली पोकळी. आतून कडबा लावायचा, ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, मग माती आणि शेण. त्यावर आम्ही उकिरडा घातला. परक्या माणसाला तिथे पेव आहे हे सळई खुपसल्याशिवाय कळलं नसतं.

त्या वर्षी मालक नेमके रजेवर आले होते. आत उतरून कडबा त्यांनीच लावला, फौजेत बिछाने लावतात तसा एका रेषेत. चार घरांची ज्वारी एकत्रच ओतली. आमची, दिरांची आणि पिंजाऱ्याची पांढरी होती. सुताराच्या वावरात तांबूस दाण्याची ज्वारी यायची. ती मिसळल्यावर पांढऱ्यात लाल ठिपके दिसत होते. दीर म्हणाले, "सुतारा, तुझ्या ज्वारीनं आमची बाटवली की रं." सुतार म्हणाला, "खाताना सांगा दादा, कोणती गोड लागतीय ते." मालक रजा संपवून गेले आणि ज्येष्ठात आम्ही गाव सोडलं. पिंजाऱ्याचं घर मागे राहिलं. तो मुसलमान. टोळ्यांचं त्याला तेवढं भय नव्हतं, आणि वऱ्हाडात त्याला कुणी उभं केलं नसतं. दिरांचा एक म्हातारा सालगडीही गुरांपाशी राहिला.

छावणी हद्दीपलीकडे एका आमराईत होती. गोणपाटाचे आडोसे, पावसात चिखल, हिवताप. पहिल्या दिवशी दारावरच विचारलं, कोण, कुठले, मालक काय करतात? जाऊबाईंनी मला आधीच चिमटा काढून ठेवला होता. मी म्हणाले, "मुंबईला गिरणीत आहेत." हे फार दिवस टिकलं नाही. आमच्या भागातल्या कुणीतरी ओळखलं आणि शेजारच्या आडोशातली बाई मला चुलीचा विस्तव देईना. "फौजवाल्याच्या बायकोनं फौजेकडून आणावा विस्तव," असं मोठ्याने म्हणाली. मी काड्याची पेटी यादीत लिहिली नव्हती, ती त्या दिवशी लिहिली.

श्रावण-भादव्यात पावसाने हात राखला नाही. धान्याची मदत यायची ती निम्मी वाटेतच जिरायची. मुलं मऊ पडली. भादव्याच्या मध्यावर बातमी आली की हिंदुस्थानची फौज आत शिरली आणि हैदराबादच्या फौजेने हत्यारं खाली ठेवली. छावणीत लोक नाचले. मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. माझे मालक जिवंत आहेत का, हे कुणाला विचारायचं ते मला कळत नव्हतं.

पाऊस उघडल्यावर दीर बैलगाडी घेऊन निघाले. वाट सुरक्षित आहे का ते बघून येतो म्हणाले. काही दिवसांनी परत आले ते गाडीभर ज्वारीची पोती घेऊन. मेहकरच्या एका व्यापाऱ्याकडून उधारीवर आणली म्हणाले. आम्हा तिन्ही घरांना त्यांनी थोडी थोडी दिली, बाकीची छावणीत विकली.

मी दळण घातलं. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली होती, कढत पाणी घालूनही भाकरीच्या कडा फाटत होत्या, आणि तव्यावर टाकल्यावर तो ओळखीचा कुबट आंबूस वास आला.

"आक्का," मी जाऊबाईंना म्हणाले, "ही पेवातली दिसायलीय."

"मग व्यापाऱ्याला पेव नसतंय व्हय?" त्या म्हणाल्या. "मिळतंय ते खावं गं बाई, दात कशाला मोजावेत."

बरोबर होतं. आम्ही खाल्ली. सुताराची मुलं तर भाकरी तव्यावरून उतरायची वाट बघत नव्हती.

दसऱ्याच्या सुमारास गावात परतलो. दारांच्या चौकटी गेल्या होत्या, मारुतीसमोरच्या आडात मेलेलं वासरू होतं. पिंजाऱ्याचं घर उघडं, आत फक्त कापूस पिंजायच्या धनुकलीचा मोडका दांडा. ॲक्शननंतर वारं फिरलं होतं, आणि ज्यांनी कुणाचं काही केलं नव्हतं तेही त्याच्या समाजाचे म्हणून पळाले होते. मी माझ्या घराची पाहणी केली, काय आहे आणि काय नाही ते लिहून काढलं, आणि सगळे पेवाकडे गेलो. पुढचं पीक येईपर्यंत त्या पेवावरच जगायचं होतं.

उकिरडा बाजूला केला. तोंडावरची माती फोडली. बंद पेवात विषारी हवा धरते, एकदम उतरलं तर माणूस खालच्या खाली राहतो. म्हणून आधी दोरीला कंदील बांधून सोडतात. विझला तर पेव तसंच उघडं टाकून वाट बघायची. कंदील माझा होता, दोरीही मीच धरली होती. ज्योत तळापर्यंत गेली आणि तशीच पिवळी उभी राहिली.

"जळतोय की!" सुतार आनंदाने म्हणाला आणि लगेच उतरला. खालून आवाज आला, "कोरडं हाय दादा! खणखणीत कोरडं हाय!"  मग हळू आवाजात, "पण मोकळं हाय."

तळाशी घोटाभर ज्वारी उरली होती. बाकी काही नाही.

कुणी रडलं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दिरांनी म्हाताऱ्या सालगड्याला पुढे ओढलं. "सांग रं, काय बघितलास ते."

म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, "श्रावणात आल्ते. धाकले मालक. खाकी कपड्यात. संगं दोघं बंदूकवाले. हितंच उकिरड्यापाशी व्हते, दुपारभर."

"मला वाटलंच व्हतं," दीर म्हणाले. "घरचाच भेदी. पेवाची जागा त्याला ठावं, अन् पिंजारी त्याला सामील. दोघांनी मिळून फौजेला चारलं." नवीन सरकारचा लष्करी साहेब चारठाण्याला बाजाराच्या दिवशी बसत होता, टोळ्यांना कुणी मदत केली त्याच्या जबान्या गावागावाच्या पाळीने घेत होता. आमची पाळी दिवाळीनंतरची होती. नाव घेतलं की माणूस परभणीला जेलात जात होता, चौकशी नंतर. दीर म्हणाले, "मी नाव घेणार. भाऊ असला म्हणून काय झालं?"

तळाच्या ज्वारीचे चार वाटे झाले. पिंजाऱ्याचा वाटा दिरांनी आपल्याकडे ठेवला. मी माझा वाटा पदरात घेतला आणि घरी आले. 

मालक दिवाळीच्या तोंडावर आले. दाढी वाढलेली, खाकी पँटीवर गावठी सदरा, पायात बूट आणि बुटाला मात्र पॉलिश. मी आधी गळ्याकडे बघितलं. आमच्यात जन्मापासून गळ्यात लिंग असतं, त्याची पूजा केल्याशिवाय अन्न खात नाहीत. गल्लीतल्या बायका मला विचारून गेल्या होत्या, "गळ्यात लिंग हाय का गं त्यांच्या, की तिकडं सोडलं?" होतं. मळलेल्या दोऱ्यात, पण होतं. त्यांनी माझी नजर बघितली.

"मोजून घे," ते म्हणाले. "सगळं हाय."

ते घरात पाहुण्यासारखे राहू लागले. पहाटे घोंगडी चौकोनी घडी करून कोपऱ्यात ठेवायचे. भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचे. बाहेर बैलगाडी वाजली तरी उठून उभे राहायचे. सासूबाई म्हणाल्या, "आपल्याच घरात पहारा कशाला देतोस रं?" ते म्हणाले, "सवय हाय." त्यांची वळकटी मी ते आंघोळीला गेल्यावर तपासली. एक टमलर, एक फाटकी पट्टी, ब्रश. काही नव्हतं. काही नव्हतं म्हणूनही मला स्वस्थता वाटली नाही, आधीच कुठे ठेवून आले असतील असं वाटलं.

फौजेतलं त्यांनी तुटक सांगितलं. पूर्णेच्या काठी एका नाक्यावर ठेवलं होतं. आट्यात किडे, पगार थकलेला, वरचे साहेब आज आहेत तर उद्या नाहीत. त्यांना फौज म्हणावी तर टोळीवाले येऊन त्यांच्यावरच हुकूम सोडायचे, आणि हिंदू शिपाई म्हणून साथीदार रात्री त्यांची बंदूक आपल्या उशाशी ठेवायचे. इकडे गावात त्यांना सरकारचा माणूस म्हणत होते, आणि तिकडे सरकारला ते गावचे वाटत होते. शेवटी लोखंडी गाड्या आल्या तेव्हा गोळी झाडायचा हुकूमच कुणी दिला नाही. कुणाच्या तरी बिछान्याची चादर काठीला बांधली. बंदुका एकावर एक रचल्या. मग औरंगाबादजवळ तारेच्या कुंपणात बसवून ठेवलं, आणि दिवाळीआधी सोडून दिलं.

"श्रावणात गावात आलावता का?" मी विचारलं.

ते जेवत होते. घास ठेवला. "आल्तो."

"उकिरड्यापाशी?"

"उकिरड्यावर," ते म्हणाले. "दोघं टोळीवाले संगं व्हते. लपलेलं धान्य काढायला निघाले व्हते, एकाच्या हातात सळई. गाव माझं, म्हणून मला संगं घेतलं. ते घरं धुंडायले अन् मी जाऊन उकिरड्यावर बसलो. बूट काढला, पाय मोडल्याचं सोंग केलं. दुपारभर बसलो. पिंजाऱ्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी उठलो न्हाई म्हणून त्यांनी तिथं सळई घातली न्हाई."

सांगणं सरळ होतं. पण माणूस जेलाच्या दारात असला की सरळच सांगतो. आणि जी एक बाई खरं-खोटं सांगू शकली असती ती कुठे गेली होती कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "जेवा." त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि जेवले.

आमच्या पाळीच्या बाजाराला दोन-तीन दिवस राहिले असतील. मी पेवाच्या तळाच्या ज्वारीचा वाटा निवडायला घेतला. सुपात पांढऱ्यात लाल दाणे. मी पाखडत होते आणि माझा हात थांबला. छावणीतली ज्वारी निवडतानाही असेच लाल दाणे होते. तेव्हा मी ते खडे समजून वेचायला गेले होते आणि मग सुपातच राहू दिले होते.

मी सूप खाली ठेवलं आणि आठवायला लागले. श्रावण-भादव्यात एवढा पाऊस झाला. तेव्हा कुणी पेव फोडलं असतं तर ते पुन्हा नीट लिंपायला शिपायांना सवड कुठली? पाणी आत गेलं असतं, तळाची ज्वारी काळी पडली असती, कोंब आले असते. दाणा कोरडा होता. आणि श्रावणात फोडून पुन्हा नीट बंद केलं म्हणावं, तर घोटाभर ज्वारी असलेल्या बंद पेवात एवढ्या दिवसांनी कंदील विझायला हवा होता. तो जळत राहिला. म्हणजे पेव फोडलं ते पाऊस उघडल्यावर, आमच्या परतीच्या थोडंसंच आधी. तेव्हा मालक तारेच्या आत होते, आणि गाडी घेऊन वाट बघायला गेलेला माणूस एकच होता.

मी उरलेली ज्वारी दळली. भाकरी केली, कडा फाटल्या, तोच वास आला. भाकरी फडक्यात बांधून दिरांकडे गेले.

आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. पदर ओढून दाराआड उभं राहायचं आणि जे असेल ते जाऊबाईंना सांगायचं, दिराला ऐकू जाईल अशा आवाजात. दीरही आपल्या बायकोला सांगतात. गंभीर बोलण्याला ही रीत फार सोयीची असते, कारण कुणालाच कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

"आक्का," मी म्हणाले, "दादांना म्हणावं ही भाकरी खाऊन बघा."

दीर ओसरीवर पानाला चुना लावत होते. "तिला इच्यार, आज कसला सण हाय?"

"सण न्हाई. पेवाच्या तळाची हाय. छावणीतली मेहकरवाल्या व्यापाऱ्याची हुती, तिच्यासारखी लागतीय का, तेवढं सांगा म्हणावं."

चुन्याचं बोट थांबलं.

जाऊबाईंनी भाकरी मोडली आणि वास घेतला. त्यांचं तोंड बघून मला कळलं की ही बाई छावणीतच समजली होती. "ज्वारी सारखीच लागती बाई सगळी," त्या म्हणाल्या, पण मोठ्याने म्हणाल्या नाहीत.

"मेहकरच्या व्यापाऱ्याकडं सुताराच्या वावरातली लाल ज्वारी कशी गेली, एवढंच इच्यारायचं व्हतं," मी म्हणाले. "अन् पावसाळाभर फुटलेलं पेव कोरडं कसं राहिलं, ते. अन् दिवा कसा जळला, ते. बाजारी साहेबानं इच्यारलं तर मला बी सांगावं लागल. म्हणून आधी दादांना इच्यारावं म्हणलं."

 मग दीर बायकोकडे बघत मोठ्याने म्हणाले, "तिला सांग, पोरं उपाशी मरायली व्हती. तिची बी पोरगी व्हती त्यात. खाल्ली का न्हाई तिनं?"

"खाल्ली," मी म्हणाले. "पेव आपलंच व्हतं, काढलं तर काढलं. तिथंच सांगितलं असतं तर मी दादांच्या पाया पडले असते. पण निम्मी विकली. अन् आता तिच्यापायी माझ्या मालकाला जेलात घालायले."

"तो फौजेचा माणूस हाय म्हणावं. आज ना उद्या कुणीतरी नाव घेनारच."

"दुसऱ्यानं घेऊ द्या. घरच्यानं घेऊ नये. अन् पिंजाऱ्याचं बी घेऊ नये. तो हितं न्हाई म्हणून सगळ्याचं खापर त्याच्या डोक्यावर ठेवायची सोय झालीय."

दिरांनी पान तोंडात घातलं.  जाऊबाईंनी भाकरीचा उरलेला तुकडा माझ्या फडक्यात परत बांधला आणि दारापर्यंत येऊन माझा हात दाबला. हे आश्वासन होतं की फक्त दया, ते मला कळलं नाही.

बाजाराच्या दिवशी आम्ही सगळे चारठाण्याला गेलो. मालकांनी बूट घातले. मी म्हणाले, चपला घाला, बूट बघून साहेबाला फौज आठवेल. ते म्हणाले, "लपून कशाला जाऊ?" आणि बूटच घातले. साहेब एका झाडाखाली टेबल टाकून बसला होता, हिंदी बोलत होता, शेजारी एक कारकून मराठीत समजावत होता. आमच्या गावाची पाळी आली. दीर पुढे झाले. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते आणि कंदिलाची दोरी धरतात तशी माझ्या पदराची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"पेव किसने खाली किया?" साहेबाने विचारलं.

दिरांनी घसा साफ केला. मालकांकडे बघितलं, मग आमच्या घोळक्याकडे. "पाणी शिरलं साहेब," ते म्हणाले. "श्रावणात पाऊस लय झाला. कुजून गेलं सगळं. आमची कुणावर तक्रार न्हाई."

साहेब कारकुनाशी काहीतरी बोलला. कारकुनाने विचारलं, "पेवात कोण उतरलं होतं?"

सुतार पुढे झाला. मला धडकीच भरली. त्याने तर साऱ्या गल्लीसमोर खालून ओरडून सांगितलं होतं, खणखणीत कोरडं हाय. मी त्याच्याशी काहीच बोलले नव्हते, ते माझ्या यादीतून राहिलं होतं.

"ओलं व्हतं साहेब," सुतार म्हणाला. "लय ओलं. पाय घसरला माझा."

साहेबाने हात हलवला आणि पुढचं गाव बोलावलं.

परत येताना सुतार माझ्या मागून चालत होता. मी विचारलं, "भाऊ, तुमाला कुणी सांगितलं ओलं म्हणा म्हणून?"

"कुणी न्हाई वैनी," तो म्हणाला. "दादा पाणी म्हनले, मग म्या बी घसरलो. माझी ज्वारी म्या छावणीतच वळखली हुती. तोंडात घातल्याबरूबर. आपल्या वावराची चव कळत न्हाई व्हय माणसाला?"

"मग इतके दिवस गप बसलाव? माझ्या मालकाचं नाव गावभर झालं तवा?"

"पोरं खात हुती, तवा गप बसलो. मग दादांच्या नव्या दाराचं काम हातात हुतं, तवा गप बसलो," तो ओशाळं हसला. "अन् म्हनलं तुमचा मालक सरकारी माणूस, सरकार सरकारचं बघून घील. आपण कशाला मधी?"

 त्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की चार घरांपैकी जी घरं परत आली होती, त्या सगळ्यांना माहीत होतं. फक्त एकमेकांना माहीत आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

त्यानंतर गल्लीचं पेव कुणी भरलं नाही. कारण कुणी बोललं नाही. फाल्गुनात ज्वारी आली तेव्हा दिरांनी आपल्या परड्यात वेगळं पेव खणलं, सुताराने घरात कणगी केली, मीही केली. जुन्या पेवात केरकचरा पडत गेला. 'पाणी शिरलं' हीच गावाची हकिकत झाली. नवीन सुना येतात त्यांना सासवा तसंच सांगतात, आणि दीर वारले तेव्हा एकजण म्हणालाही, त्या साली पाण्यानं पेव गेलं त्याचा त्यांनी लय धसका घेतला.

मालकांनी आमचं दुकान चालवायला घेतलं. बूट फाटले तसे टाकून दिले. पहाटे घोंगडीची चौकोनी घडी मात्र राहिली.

हद्दी बदलल्या, आमचा भाग आधी मुंबई राज्यात आला. त्या सुमारास सरकी विकायला मी सेलूच्या बाजारात गेले होते. मालकांना ताप होता म्हणून एकटीच. कापडाच्या दुकानांच्या मागे गाद्या भरणारे बसतात, तिथे पिंजाऱ्याची बायको दिसली. केस पांढरे झालेले, पण कापूस झटकताना मान तिरकी करायची लकब तीच. तिनेच आधी हाक मारली. घरदार, मुलंबाळं, कोण राहिलं, कोण गेलं, हे सगळं झालं. पेवातल्या तिच्या वाट्याचं तिने काही विचारलं नाही. मीच विचारलं, आणि शक्य तितकं सहज विचारलं, की श्रावणात आमचे मालक गावात आले होते ते आठवतं का?

ती हसायलाच लागली. "आठवत न्हाई कसं? त्या उकिरड्यावर बसलेले दुपारभर, एक बूट हातात घेऊन! माशा घोंघावायल्या. मी म्हनलं, याला वास येत न्हाई का काय. पानी नेऊन दिलं तर हळूच म्हनले, भाभी, घरात जावा, अन् मी हितं बसलोय म्हणून कुणाला सांगू नगा. ते दोघं गेल्यावर मला कळलं, बसले कशावर व्हते ते."

मी तिला गूळ आणि बांगड्या घेऊन दिल्या. तिने नको नको म्हणत घेतल्या.

घरी आले तेव्हा मालक भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसले होते. ताप उतरला होता. मी पिशवी रिकामी केली, हिशेब सांगितला, चूल पेटवली.

"सेलूत कोण भेटलं?" त्यांनी विचारलं.

"पिंजाऱ्याची बायको."

 "इच्यारलंस?"

मी पीठ मळत होते. नव्या ज्वारीचं पीठ, छान विरीचं. "इच्यारलं," मी म्हणाले.

"काय म्हनली?"

"पाणी दिलं म्हनली."

"लय वरसं लागली तुला," मालक म्हणाले, आणि उठून गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजेला बसले. भाकरी फुगली होती. त्यांची पूजा उरकेपर्यंत मी ती तव्याच्या कडेला उभी करून गरम ठेवली.